सलाहुद्दीनची रवादी जमात: मूळची कुर्द की अरब?

उंबरठा
सलाहुद्दीनचा, म्हणजे बाराव्या शतकातल्या इजिप्त-सीरियाच्या सुलतानाचा, विषय निघाला की 'तो कुर्द होता' असं कुणीतरी सांगतं, आणि लगेच दुसरं कुणी 'पण घराणं मुळात अरब' अशी पुस्ती जोडतं. ही पुस्ती मला मान्य नाही.

इब्न खल्लिकान हा चरित्रकार १२११ साली अर्बीलला जन्मला, म्हणजे कुर्द मुलखाचा त्याला शेजार होता. तो लिहितो की सलाहुद्दीनचे वडील अय्यूब द्विन शहराच्या वेशीजवळच्या अजदानकान गावचे आणि त्या गावातली सगळी वस्ती रवादी कुर्दांची. द्विन आजच्या आर्मेनियात येतं. रवादी ही हधबानी या मोठ्या कुर्द जमातीची शाखा. आजोबा शादी हे अय्यूब आणि शिर्कूह या दोन मुलांना घेऊन आधी बगदादला आणि मग तिक्रितला गेले. सलाहुद्दीनचा जन्म तिक्रितचा, ११३७-३८ च्या सुमाराचा.

याच लेखकाची एक नोंद मला फार मोलाची वाटते. अय्यूब आणि शिर्कूह यांच्या नावचे वक्फाचे आणि मालमत्तेचे कागद त्याने पाहिले. त्यांत 'अय्यूब बिन शादी', 'शिर्कूह बिन शादी' एवढंच होतं. शादीच्या वर एकही नाव नाही. लांबलचक अरबी वंशावळी पुढे आल्या त्या घराण्याच्या हाती राज्य आल्यावर. सलाहुद्दीनचा पुतण्या इस्माईल येमेनचा सुलतान झाला आणि स्वतःला उमय्या या जुन्या अरब खलिफा कुळाचा म्हणवून खलिफापदावर हक्क सांगू लागला. त्याचा सख्खा काका अल-आदिल यानेच हा दावा खोटा ठरवला. घरचीच साक्ष अशी असताना आपण कशाला वाद घालायचा?

जुनीपोथी
उमय्यांचा दावा खोटा, यावर आपलं एकमत. पण तो खोटा ठरला म्हणून अरब मूळच नव्हतं, हे कसं? तुम्ही 'रवादी' या नावाकडे पाहिलंच नाही.

आठव्या शतकात, खलिफा अल-मन्सूरच्या काळात, येमेनी अरबांना अझरबैजानात नेऊन वसवलं गेलं. अज्द कुळातला रव्वाद हा त्यांच्यातलाच, आणि तबरीझचा मुलूख त्याच्या वाट्याला आला. पुढे त्याच्या वंशजांनी तिथे राज्य केलं. दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत हे घराणं इतकं कुर्द झालं होतं की मुहम्मदचं 'ममलान' आणि अहमदचं 'अहमदील' झालं. १०४२ च्या भूकंपात तबरीझ उद्ध्वस्त झालं तेव्हा गादीवर ममलानचा मुलगा वहसूदान होता. घराण्याचं नाव रव्वादी, मुलूख द्विनच्या दक्षिणेला लागून, आणि वर हधबानी कुर्दांशी संबंध. एवढं सगळं योगायोगाने जुळून येत नाही. मी सलाहुद्दीनला अरब म्हणत नाही. त्याच्या जमातीची मुळं मिश्र होती आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही, एवढंच माझं म्हणणं.

उंबरठा
नाव तिथूनच आलं असेल, हे मान्य. पण जमातीला नाव मिळतं सरदाराचं. त्याच्यामागे चालणारी हजार घरं त्याच्या रक्ताची असतात असं नाही. अजदानकानचे लोक तबरीझच्या राजांचे वंशज होते की त्यांच्या आश्रयाला आलेले हधबानी होते, हे नावावरून कसं ठरवणार?

आणखी एक. अय्यूबी घराण्यासाठी अरबी वंशावळी रचल्या गेल्या, त्यातली एक उमय्यांकडे जाते आणि दुसरी मुर्रा कुळाकडे. अज्दकडे जाणारी का नाही? खरी आठवण उरली असती तर आधी तीच पुढे आली असती.

ओवी
तुम्ही दोघंही 'कुर्द' हा शब्द आजच्या अर्थाने वापरताय, असं मला वाटतं. दहाव्या शतकातला हमझा इस्फहानी लिहितो की इराणी लोक दैलमींना (कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेचे डोंगरी लोक) 'तबरिस्तानचे कुर्द' म्हणत आणि अरबांना 'सूरिस्तानचे', म्हणजे इराकचे, 'कुर्द'. म्हणजे तेव्हा तंबूत राहणाऱ्या, गुरंमेंढरं राखणाऱ्या कुणालाही हा शब्द लागत असे. मग 'रवादी कुर्द' म्हणजे भाषा सांगितली की जगण्याची तऱ्हा, हे आधी ठरवायला हवं.

उंबरठा
ओवीताई, मुद्दा रास्त आहे, पण दहाव्या शतकापुरता. बाराव्या शतकात हे लोक स्वतःच स्वतःला काय समजत होते ते पाहा. ११६९ मध्ये शिर्कूह इजिप्तचा वजीर असताना कैरोत वारला. वजिरी सलाहुद्दीनला मिळू नये म्हणून काही सरदार अडून बसले. त्यात कुतुबुद्दीन हा हधबानी सरदारही होता. त्याची समजूत काढायला ईसा अल-हक्कारी गेला. हक्कारी ही कुर्दांची वेगळी जमात. त्याने सांगितलं ते साधारण असं: सलाहुद्दीन आणि तू, दोघंही कुर्द. सत्ता तुर्कांकडे जाऊ देऊ नकोस. आणि कुतुबुद्दीन वळला.

हक्कारी माणूस हधबानी माणसाला रवादी माणसासाठी गळ घालतो आणि ती कुर्द म्हणून घालतो. इथे मेंढरांचा काय संबंध? तिघेही फौजेतले सरदार, तेही नाईलच्या काठी. मला ही एक घटना दहा वंशावळींपेक्षा जास्त सांगून जाते.

ओवी
हा प्रसंग मला ठाऊक नव्हता. बाराव्या शतकापुरतं तुमचं म्हणणं मान्य.

जुनीपोथी
प्रसंग बोलका आहे, पण त्यातून कळतं ते ११६९ मध्ये ते कोण होते एवढंच. चार शतकांपूर्वी कोण होते हा प्रश्न वेगळा, आणि धाग्याच्या नावात 'मूळची' हा शब्द तुम्हीच घातलाय. अज्दची आठवण उरली नाही म्हणता, तर ममलान आणि अहमदील ही नावं ती कशी पुसली गेली तेच दाखवतात. नाव बदललं, भाषा बदलली, मग वंशावळ कोण जपणार? मी माझ्या मतावर कायम आहे.

उंबरठा
मीही. पण 'मूळची' हा शब्द चुकला, हे कबूल. शादीच्या वर ज्या कागदांत नावच नाही, त्यांच्याकडून मी मूळ मागायला नको होतं. मथळा बदलायची सोय असती तर आत्ता बदलला असता.