पुस्तकातल्या कोणत्या गोष्टीने तुमच्या धंद्यात काय बदललं? अनुभव सांगा

माझा भाचा नोकरी सोडून लाकडी घाण्याच्या तेलाचा धंदा करणार आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत सहा पुस्तकं होती, सगळी उद्योजकतेवरची, पानोपानी पिवळ्या पेनाने रंगवलेली. म्हणाला, "मावशी, यातलं आधी कोणतं वाचून काढू?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे.

आवडत्या पुस्तकांची यादी नको. पुस्तकातल्या एखाद्या गोष्टीमुळे धंद्यात नेमकं काय बदललं, किंवा काय नुकसान झालं, तेवढं लिहा. पुस्तकाचं नाव आठवत नसलं तरी चालेल. आकडे सांगता आले तर फार बरं होईल.

सुरुवात मी करते. भोसरीला माझा कोरुगेटेड बॉक्सचा, म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, छोटा कारखाना आहे. सुरू करण्याआधी यशोगाथा खूप वाचल्या. नोकरी सोडायची हिंमत त्यांनीच दिली, ते ऋण मी मानते. पण पहिली दीड वर्षं ऑर्डरी वाढत होत्या आणि बँकेतली शिल्लक खाली जात होती. कुठे गळतंय ते कळेना. घरात एकमेकांवर संशय घेण्यापर्यंत वेळ आली.

एका रात्री पुतणीचं बी.कॉम.चं कॉस्टिंगचं पाठ्यपुस्तक जेवणाच्या टेबलावर पडलेलं होतं. ब्रेक-इव्हनचं, म्हणजे ना नफा ना तोटा कुठे होतो त्याचं, प्रकरण उघडलं, उदाहरणातल्या कंपनीचे आकडे पेन्सिलने खोडले आणि शेजारी माझे लिहिले. बॉक्स सरासरी १८ रुपयांना जायचा. क्राफ्ट पेपर, खळ, शाई, पिना आणि नगावरची मजुरी मिळून १५ रुपये. हातात राहिले ३. शेडचं भाडं, बँकेचा हप्ता आणि कायम माणसांचे पगार महिन्याला ९६,०००. म्हणजे ३२,००० बॉक्स गेल्यावर फक्त खर्च निघणार. आमचे जात होते २६,०००. दर महिन्याला १८,००० रुपये मी पदरचे घालत होते, आणि जास्त ऑर्डरी मिळाव्यात म्हणून भाव आणखी पाडत होते!

दुसऱ्याच दिवशी दोन मोठ्या गिऱ्हाइकांना भाव वाढवून सांगितला. एक गेलं, एक टिकलं. कागदाचा दर वाढला की बॉक्सचा दर वाढेल, ही ओळ तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनवर असते. ते पाठ्यपुस्तक पुतणीला परत दिलंच नाही, तिला नवीन आणून दिलं.

जॉबवर्क, शिरोली एमआयडीसी

एलियाहू गोल्डरॅट यांचं 'द गोल'. १९८४ सालचं, पण कादंबरीसारखं असल्यामुळे माझ्यासारखा डिप्लोमावालाही वाचू शकला. त्यात स्काउटची मुलं रांगेने पायी सहलीला चाललेली असतात. एक मुलगा हळू चालतो. पुढचे कितीही पळाले तरी अख्खी रांग मुक्कामाला पोचते ती त्याच्याच चालीने.

तेव्हा माझ्याकडे तीन सीएनसी, एक व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी, धातू कापणारी यंत्रं) आणि शाफ्ट घासून अचूक मापाला आणणारा सिलिंड्रिकल ग्राइंडर मात्र एकच. माल वेळेत जात नाही म्हणून चौथ्या सीएनसीचं कोटेशन घेतलेलं, कर्जाची फाइल बँकेत गेलेली. ते प्रकरण वाचून झालं आणि दुसऱ्या दिवशी शॉपवर, म्हणजे कारखान्यात, जाऊन नुसता उभा राहिलो. ग्राइंडरपुढे क्रेट छातीएवढे रचलेले. शाफ्टना गंज धरू नये म्हणून तेल मारलेलं, त्या तेलावर धूळ बसून काळा थर झालेला. सगळ्यात खालच्या क्रेटवर खडूने घातलेली तारीख अकरा दिवसांपूर्वीची. आणि ग्राइंडर बंद. का, तर ऑपरेटर जेवायला गेलाय.

सीएनसी वाढवून मी तो ढीगच वाढवणार होतो, हे तिथे उभं राहिल्यावर डोक्यात शिरलं. दोन गोष्टी केल्या. एका हेल्परला ग्राइंडर शिकवला आणि जेवणाच्या वेळेतही तो चालू ठेवला. आणि तपासणी ग्राइंडिंगच्या नंतर व्हायची, ती आधी आणली. टर्निंगमध्येच, म्हणजे सीएनसीवरच, बाद झालेला जॉब ग्राइंडरचा वेळ खात होता, ते थांबलं. दोन महिन्यांत अकरा दिवसांचा ढीग तीन दिवसांवर आला. कर्जाची फाइल परत घेतली. ही गोष्ट चहाच्या वेळी पोरांना सांगितली होती, तेव्हापासून शॉपवर ग्राइंडरला सगळे 'मागचा गडी' म्हणतात. आता मागचा गडी बदललाय, हल्ली बाहेर हीट ट्रीटमेंटला गेलेला माल अडतो.

कांदा-लसूण मसाला, इस्लामपूर

ताई, मी फार वाचलेली नाही. बचत गटाच्या प्रशिक्षणात एक पुस्तिका मिळाली होती, त्यात लिज्जत पापडची माहिती होती. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. पीठ एका जागी मळतात आणि लाटायला घरोघरी देतात.

आमच्यात उलटं चाललं होतं. नऊ जणी आपापल्या घरी मसाला भाजायच्या. कुणाचं खोबरं करपायचं, कुणाची मिरची कच्ची राहायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "मागच्या वेळची चव नाही." बायकांना बोलावं तर मनं दुखावतात. ती पुस्तिका वाचली आणि भाजणं माझ्या पडवीत एका कढईवर आणलं. मिरचीची देठं काढणं, लसूण सोलणं, खोबरं किसणं तेवढं घरोघरी ठेवलं. चव एक झाली आणि कुणाला बोलायची वेळच उरली नाही.

पण दुकानदार माल ठेवून घेतो, पैसे पुढच्या खेपेला म्हणतो, आणि चार महिन्यांनी तारीख उलटलेली पाकिटं परत हातात देतो, त्याचं काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. कुणी लिहिलं असेल तर सांगा.

कागदी कपांचा धंदा बंद केलेला, नाशिक

नुकसानीचा अनुभव विचारलात म्हणून लिहितो. मी प्रेरणादायी पुस्तकं सलग तीन वर्षं वाचली. रोज पहाटे पाचला उठून. वाचलं की काहीतरी केल्यासारखं वाटायचं, ती मोठी चूक होती.

मग पेपर कपच्या मशीनची जाहिरात पाहिली. मशीन आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ, असा करार. साडेसहा लाख. वडील म्हणाले, "ही मशीन आधी घेतलेला एखादा माणूस गाठ. त्याला विचार, मग पैसे भर." तेव्हा मी वाचत असलेल्या पुस्तकात नकारात्मक माणसांना लांब ठेवा असं एक आख्खं प्रकरण होतं. मी वडिलांना त्यात बसवलं. विचारायला गेलो नाही.

पहिल्या दोन खेपा त्यांनी उचलल्या. तिसऱ्या वेळी 'क्वालिटी बसत नाही' म्हणाले. नंतर फोन लागेना. कर्ज फेडायला पाच वर्षं लागली. वडील गेले तेव्हा बाराव्याला आलेल्यांना चहा त्याच कपांतून दिला, माळ्यावर खोकी पडून होती. भाच्याला एवढंच सांगा, घाणा घेण्याआधी घाणा घेतलेले चारजण गाठ. त्यातला एक तरी बंद केलेला असू दे. त्याचं पुस्तक निघालेलं नसतं, त्याच्या घरीच जावं लागतं.

सॉफ्टवेअर, बंगळूर

थोडक्यात लिहितो. सोसायट्यांच्या हिशेबाचं ॲप चौदा महिने खपून बनवलं, एकाही सेक्रेटरीला न दाखवता. त्यानंतर एरिक रीस यांचं 'द लीन स्टार्टअप' (२०११) वाचलं. पुढच्या वेळी आधी एक्सेलच्या शीटवर पाच सोसायट्यांचं काम तीन महिने हाताने करून दिलं. त्यांना पावत्या हव्या होत्या, मी आलेख बनवत बसलो होतो.

शेती अवजारांची विक्री, कराड

माझं वय सत्तरीच्या पुढे. आमच्या भागात किर्लोस्करांची हकिकत वडीलधाऱ्यांच्या तोंडून आधी कळायची, पुस्तकातून नंतर. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे औंधच्या राजांनी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तो भाग सगळे सांगतात. मला ती आधीची दोन वर्षंच जवळची वाटतात.

पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, विकायला आणला तेव्हा आमच्याकडेही म्हणायचे, मुळं तुटतील, ऊस बसेल. मी दुकानात बसून समजावणं सोडलं. एका शेतकऱ्याच्या उसात दोन सऱ्या यंत्राने, दोन सऱ्या बायकांच्या खुरप्याने केल्या आणि तीन आठवड्यांनी गावाला बोलावलं. लोक वाकून वाकून मुळं बघत होते. त्या हंगामात चार गेले, पुढच्या हंगामात एकोणीस.

सीए, ठाणे

इस्लामपूरच्या ताईंना: किराणा दुकानदाराशी कायद्याने भांडून फायदा नाही. निम्मे पैसे रोख दिल्याशिवाय नवी खेप देऊ नका आणि दर महिन्याला स्वतः जाऊन जुनी पाकिटं पुढे लावा.

शिरोलीसारख्या जॉबवर्कवाल्यांनी मात्र २००६ चा एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा, कायदा वाचावाच. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली, की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात, ते यामुळे. उद्यम क्रमांक बिलावर छापून घ्या. कित्येकजण तो फाइलमध्येच ठेवतात.

भाचा

मावशी, सगळं वाचलं. पुस्तकं बाजूला ठेवून वही घेतली. लिटरला अडीच किलो दाणे, १३० च्या दराने ३२५ रुपये. पेंडीचे ५६ परत येतात. बाटली आणि लेबल २२, वीज-मजुरी २४. एकूण ३१५. विकणार ३८० ला, म्हणजे राहतात ६५. महिन्याचा ठरलेला खर्च ५२,०००, तो निघायला ८०० लिटर. हे थेट घरपोच विकलं तर. दुकानात ठेवलं की दुकानदाराचे १५ टक्के, ५७ रुपये गेले. उरले ८. मग ६,५०० लिटर विकावे लागतील. एका घाण्यावर ते निघतच नाहीत. माझा प्लॅन सगळा दुकानांवर होता.

माझा पगार यात धरलेला नाही. धरायचा का?

धागा काढणारी

धर. आणि दाण्याचं एक पोतं आणून चाळून बघ, खडे आणि किडके किती निघतात ते वजन करून लिही, ते अडीच किलोत आलेले नाहीत. नाशिकच्या दादांनी सांगितलेले चारजण शोधायला मी मदत करते, आमच्या गिऱ्हाइकांत दोन तेलवाले आहेत. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, दुपारी वही घेऊन ये.