कोरिलेशन ०.९८, तरी नव्या कोॲग मशीनचा आयएनआर जास्त का?

कोथरूड_लॅब: रक्त गोठायचा वेळ मोजणाऱ्या (कोॲग) जुन्या सेमी-ऑटो मशीनच्या (स्टीलच्या गोळीवाल्या) जागी ऑप्टिकल, फुल ऑटो मशीन आलंय. ४० सॅम्पल दोन्हींवर लावली, रिएजंट (टेस्टचं रसायन) आणि लॉट तोच. नॉर्मल पेशंट जुळतात, पण वॉरफरिनवाल्यांचा (रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांचा) आयएनआर (गोठण्याच्या वेळेवरून काढलेला प्रमाणित आकडा) नव्यावर अर्ध्या पॉइंटने वर. इंजिनिअर म्हणतो दोन्हींचं कोरिलेशन ०.९८ म्हणजे पास. सही करू का?

सायट्रेट_निळं_झाकण: नको. ०.९८ एवढंच सांगतं की दोन्ही मशीन एकत्र वर-खाली होतात. आकडे सारखे आहेत असं नाही. प्रत्येक सॅम्पलचा फरक (नवं वजा जुनं) काढा आणि आयएनआर २ च्या खाली, २ ते ३.५ आणि त्यावर असे गट करून बघा.

संशय आयएसआयवर (आयएनआर काढताना गुणोत्तराला लावायचा घात) आहे. तो एकट्या रिएजंटचा नसतो, रिएजंट आणि मशीन या जोडीचा असतो. समजा जुन्यावर पीटीचं (गोठायला लागलेले सेकंद) गुणोत्तर (पेशंटचे सेकंद भागिले नॉर्मल माणसांचे) २.१५ आणि आयएसआय १.२, तर आयएनआर २.५. नव्यावर त्याच पेशंटचं गुणोत्तर २.५ आणि आयएसआय १.० असेल तरी २.५. पण नव्यात जुनाच १.२ भरलात तर थेट ३.० येतो. गुणोत्तर १ च्या आसपास घात कितीही असला तरी फरक दिसत नाही, म्हणून नॉर्मल पेशंट गोड वाटतात.

पेठेतला_टेक्निशियन: शिवाय कॅरीओव्हर (एका सॅम्पलचा अंश पुढच्यात जाणं) बघितलात का? नॉर्मल प्लाझ्मा तीनदा, मग भरपूर हेपरिनवाला (गोठणं रोखणारं औषध असलेला) तीनदा, मग पुन्हा नॉर्मल तीनदा, सगळ्यांचा एपीटीटी (गोठण्याच्या वेळेची दुसरी टेस्ट). हेपरिननंतरचा पहिला नॉर्मल लांबला आणि तिसरा ठीक आला, तर प्रोब (सॅम्पल ओढणारी सुई) नीट धुतला जात नाही. फायब्रिनोजेनच्या टेस्टमधलं थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) उलट करतं: पुढचा पीटी खोटा कमी दाखवतं. डेमोत हे कोणी करून दाखवत नाही!

आणि चाकण-हिंजवडीच्या कलेक्शन सेंटरची सॅम्पल तुलनेत घेऊ नका, ट्रॅफिकमध्येच एपीटीटी लावायच्या मुदतीचे चार तास संपतात. पीटीची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवून पाठवणं तर अजून वाईट, थंडीत फॅक्टर ७ (रक्त गोठवणारं एक प्रथिन) जागा होतो आणि पीटी कमी येतो. दोन्ही मशीनवर एकाच ट्यूबमधला प्लाझ्मा लागोपाठ लावा.

कोथरूड_लॅब: रिएजंटच्या इन्सर्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) नव्या मशीनच्या आयएसआयची ओळ वेगळी निघाली, १.०२. आम्ही १.१९ भरला होता. ४० सॅम्पल परत लावायची?

सायट्रेट_निळं_झाकण: पीटीचे सेकंद मशीनमध्ये साठवलेले असतील तर नाही, नव्या आयएसआयने गणित परत करा. पण एमएनपीटीही (गुणोत्तर काढताना ज्याने भागतात तो निरोगी माणसांचा पीटी) जुनाच असणार. किमान २० निरोगी माणसांची ताजी सॅम्पल नव्या मशीनवर लावा. साधी सरासरी नको, भूमितीय मध्य घ्या. दोन्ही आकडे भरल्यावर २ ते ३.५ चा गट परत बघा, सही त्यानंतर.