हवामान तर आधीपण बदलायचं, मग आताचं माणसामुळेच हे कशावरून?

देवगडचा_बागायतदार:
नमस्कार मंडळी, आमची हापूसची कलमं आहेत, आजोबांनी लावलेली. हल्ली थंडी धड पडतच नाही, मोहराऐवजी पालवी फुटते, मग उशिरा मोहर येतो आणि तेवढ्यात अवकाळी पाऊस, की तुडतुडे, भुरी, करपा असे किडी-रोग सगळे एकदम, फवारणीचा खर्चसुद्धा निघत नाही. मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा तर तयार आंबा सगळा जमिनीवर. मिटिंगला गेलं की सगळे क्लायमेट चेंज म्हणतात, पण आमचे काका म्हणतात हिमयुगं आली नि गेली तेव्हा कुठे होत्या गाड्या. त्यांना नीट पटेल असं काय सांगू?

विज्ञानमास्तर:
काकांचा प्रश्न चांगला आहे. हिमयुगं आली ती पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल बदलल्यामुळे, पण त्या बदलाला हजारो वर्षं लागतात, आत्ता जे झालंय ते दीडेकशे वर्षांतलं आहे. कार्बन डायऑक्साइड हा वायू जमिनीची उष्णता अडवून धरतो. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 पासून तो हवेत किती आहे ते मोजतायत, तेव्हा दहा लाखात 315 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. कारखाने यायच्या आधी 280 च्या आसपास होता, ते अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून कळतं.
आता हा कार्बन कोळसा-तेलातलाच कशावरून? तर कार्बनचे हलका कार्बन-12 आणि जड कार्बन-13 असे प्रकार असतात, झाडं कार्बन-12 जास्त घेतात नि कार्बन-13 कमी, आणि कोळसा म्हणजे गाडली गेलेली जुनी झाडंच, म्हणून तो जाळला की हवेतलं कार्बन-13 चं प्रमाण घटतं, आणि नेमकं तेच मोजमापात दिसतंय. ज्वालामुखी म्हणाल तर सगळे मिळून माणूस सोडतो त्याच्या एक टक्कासुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडत नाहीत. सूर्य तापला असता तर वातावरणाचे वरचे थर पण तापले असते, पण स्ट्रॅटोस्फिअर, म्हणजे वरचा थर, उलट थंड होतोय आणि खालचा थर तापतोय. काकांना हे एवढं नक्की सांगा, माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा हाच.

दर्यावर्दी_अलिबाग:
मास्तरांनी कारण सांगितलं, मी समुद्राचं सांगतो. ही जी जादा उष्णता आहे ना तिचा 90 टक्क्यांहून जास्त भाग समुद्रात जातोय, आणि आपला अरबी समुद्र आधी वादळांच्या बाबतीत शांत मानला जायचा, पण 2019 ला एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली, मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ, श्रीवर्धन दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, सुपारी परत लागायला किती वर्षं जातात ते वाडीवाल्यालाच विचारा. शिवाय हवा एक डिग्री तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा ढगफुटीसारखा पडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल यांच्या टीमने 2017 ला दाखवलंय की मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी 1950 पासून तिपटीने वाढलीये, नि त्यामागे अरबी समुद्रातलं बाष्प आहे.

वाशिष्ठीकाठ:
सगळं पटलं, पण एक बोलतोच. जुलै 2021 ला चिपळूण बुडालं त्याला नुसता क्लायमेट चेंज जबाबदार नाही, नदीत गाळ साचलेला, डोंगर कापलेले, पूररेषेत बांधकामं. पाऊस आपल्या हातात नाही पण हे होतं की. आणि एखादं वर्ष एल निनोचं, म्हणजे पॅसिफिक समुद्र आपोआप तापण्याचं असतं, तेव्हा प्रत्येक बिघडलेला सीझन ह्यातच टाकू नये, वीस-तीस वर्षांचा कल बघावा.

विज्ञानमास्तर:
अगदी बरोबर, दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की नुकसान दुप्पट होतं. आणि राग येतो तो ह्याचा, की भारतात माणशी साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत 14 च्या आसपास, आणि झळ बसते बागायतदाराला.

देवगडचा_बागायतदार:
मनापासून आभार सगळ्यांचे, काकांना वाचून दाखवतो. अजून एक, साका म्हणजे आंब्यातला जो दोष, त्याचा पण ह्याच्याशी संबंध आहे का? हल्ली कापला की आत पांढरा गर निघतो.

हापूसताई_रत्नागिरी:
आहे दादा. फळ तयार होताना तापलेल्या कातळाची धग खालून लागते, त्याने साका वाढतो, आणि मार्च-एप्रिलची उष्णता वाढली की तेवढी धग पण वाढणार. कलमाखाली सुकं गवत पसरून ठेवा, जमीन उघडी ठेवू नका, आणि आंबा झाडावर पूर्ण पिकू देऊ नका, चौदा आणे, म्हणजे सोळातला चौदा भाग तयार झाला की काढा. काढलेला आंबा उन्हात ठेवायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा.