मदत हवी आहे: आईच्या खात्यातून कापलेला दंड परत कसा मिळवायचा?

नमस्कार मंडळी. गावाकडे आईचं बचत खातं आहे. किमान शिल्लक नाही म्हणून बँक दंड लावत गेली, खातं चक्क उणे झालं आणि पीकविम्याचे पैसे जमा होताच सगळी वसुली त्यातून झाली. तिच्या हक्काचे पैसे होते हो ते! रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या परिपत्रकानुसार आधी कळवून महिनाभराची मुदत द्यावी लागते, निव्वळ दंडामुळे खातं उणे होता कामा नये. आईला ना मेसेज आला, ना पत्र. शाखेत म्हणतात, 'सिस्टिमनेच कापलंय.' लेखी तक्रारीची पोच घेतली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाणार. कुणाला असे पैसे परत मिळालेत का? तक्रारीला पासबुकाच्या नोंदी पुरतात की शिक्क्यासह खातेउतारा मागावा?