फर्ग्युसनचा कालपट: स्थापना १८८०, १८८४ की १८८५?

कालपट_पुणे:
फर्ग्युसन कॉलेजच्या इतिहासाचा कालपट प्रदर्शनासाठी करायचा आहे. आठ फलक, विद्यार्थी आणि येणारे-जाणारे वाचतील असे. अडचण पहिल्याच फलकावर आहे. स्थापनेचं वर्ष कुठे १८८०, कुठे १८८४, तर कुठे १८८५ दिलेलं आहे. संस्थापकांच्या नावांतही एकवाक्यता नाही. नेमकं काय लिहावं? पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतले कोणते टप्पे सोडून चालणार नाहीत? फलक छापताना काय सांभाळावं, तेही सांगा.

जुने_कागद:
तिन्ही वर्षं बरोबर आहेत, फक्त ती तीन वेगळ्या गोष्टींची आहेत. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, ती शाळा. २४ ऑक्टोबर १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती संस्था. २ जानेवारी १८८५ ला कॉलेजचं उद्‌घाटन झालं. कॉलेजच्या फलकावर मोठ्या अक्षरात १८८५ च हवं; बाकीची दोन वर्षं त्याच्या वर, पूर्वपीठिका म्हणून लहान अक्षरात द्या.

१८८४ चा घोळ आणखी एका कारणाने होतो. जुन्या मराठी मजकुरात शके दिलेले असतात. संस्था आणि कॉलेज दोन्ही शके १८०६ मधलीच. सरसकट ७८ मिळवले की कॉलेजही १८८४ मध्ये जाऊन बसतं. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. ज्या ज्या नोंदीत पौष, माघ किंवा फाल्गुन आहे, ती पुन्हा तपासा.

संस्थापकांच्या यादीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांचं नाव शाळेच्या रांगेत घाला, कॉलेजच्या नाही. ते मार्च १८८२ मध्ये वारले, कॉलेज त्यांनी पाहिलंच नाही. टिळक आणि नामजोशी शाळेच्या आरंभापासूनचे, आगरकर १८८१ मध्ये आले. वामन शिवराम आपटे, म्हणजे संस्कृत कोशकार आपटे, हे कॉलेजचे पहिले प्राचार्य. टिळक किंवा आगरकर यांना पहिले प्राचार्य म्हणणारे फलक पाहायला मिळतात. ती चूक आहे आणि आपट्यांवर अन्यायही.

वाडा_ते_टेकडी:
चित्रांबद्दल तीन धोक्याच्या जागा.

कॉलेजला नाव दिलं ते सर जेम्स फर्ग्युसन, मुंबईचे गव्हर्नर. १८८० ते मार्च १८८५ हा त्यांचा कार्यकाळ, आणि देणगी १,२०० रुपयांची. ह्याच नावाचे एक स्थापत्य-इतिहासकार त्याच काळात होते, भारतीय वास्तुकलेवर लिहिणारे. इंटरनेटवर शोधलं की दोघांची चित्रं एकत्र येतात. चित्राखाली 'गव्हर्नर' असा उल्लेख असल्याशिवाय ते उचलू नका.

दुसरी जागा उद्‌घाटकांची. ते विल्यम वर्ड्‌स्वर्थ, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य, कवी वर्ड्‌स्वर्थचे नातू. कवी १८५० मध्येच वारले होते, तरी त्यांचं चित्र लावलेलं दिसतं.

इमारतीचंही तसंच. आजची दगडी मुख्य इमारत १८९५ ची. तिचा फोटो १८८५ च्या नोंदीशेजारी लावला तर कॉलेज टेकडीच्या पायथ्याशी जन्मलं असा समज होतो. पहिली दहा वर्षं ते शहरातच होतं. त्या नोंदीला फोटो नसला तरी चालेल, शहराचा जुना नकाशा लावा.

आणि भारत सेवक समाज (सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी) कॉलेजच्या यादीत घेऊ नका. गोखल्यांनी तो १२ जून १९०५ ला फर्ग्युसनच्या टेकडीवर स्थापन केला, पण ती स्वतंत्र संस्था आहे. तेवढं स्पष्ट करून एका ओळीत उल्लेख ठेवा.

आजीव_सभासद:
वर जे आलं ते सगळं हवंच. पण माझ्या मते ह्या कॉलेजचा सगळ्यात मोठा टप्पा इमारत किंवा उद्‌घाटन नाही. आजीव सभासदत्वाचा नियम हा खरा टप्पा, आणि बहुतेक कालपटांत तो नसतोच. त्याला एक अख्खा फलक द्या.

नियमाचा गाभा असा: शिक्षकाने संस्थेला २० वर्षं द्यायची, ठरलेलं माफक वेतन घ्यायचं, आणि कारभारही ह्या आजीव सभासदांनीच बघायचा. आजीव सभासद असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचं वेतन महिना ७५ रुपये आणि निवृत्तिवेतन ३० रुपये होतं. हे आकडे फलकावर घालाच. कॉलेज उभं कशावर राहिलं हे त्यांच्याइतकं कुठल्याच विशेषणातून कळत नाही.

टिळकांनी संस्था सोडली तीही ह्याच नियमाच्या अर्थावरून. कारण म्हणून फक्त 'सामाजिक सुधारणेवरून मतभेद' लिहिलं तर अर्धीच गोष्ट सांगितली जाते. आगरकरांशी तो वाद होताच, आगरकर १८८७ मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला. पण राजीनाम्यात भर होता तो सभासदांनी बाहेरची कामं आणि बाहेरची मिळकत घ्यावी का, ह्यावर. सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेची, अशी टिळकांची भूमिका. गोखल्यांनी 'पुणे सार्वजनिक सभा' ह्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतल्यावर प्रकरण टोकाला गेलं आणि डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनी सविस्तर राजीनामा दिला. दोन्ही कारणं लिहा, पण एकाच वाक्यात कोंबू नका.

त्यापुढची नोंद लगेच जोडा. टिळकांच्या जाण्याने गणिताची जी जागा रिकामी झाली तिथे १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले आणि १९१४ पर्यंत शिकवत राहिले. म्हणजे महर्षी कर्व्यांचं स्त्रीशिक्षणाचं सुरुवातीचं काम ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असतानाचं आहे.

आपटे १८९२ मध्ये वारले, वय ३४. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले आणि १७ जून १८९५ ला गेले, वय ३८. पहिले दोन्ही प्राचार्य पदावर असतानाच, चाळिशीच्या आत गेले. मग महादेव शिवराम गोळे, आणि १९०२ पासून रँग्लर परांजपे. नवी इमारत आणि आगरकरांचा मृत्यू एकाच वर्षातले आहेत, ते एकमेकांशेजारीच असू द्या.

कालपट_पुणे:
आजीव सभासदत्वाचा फलक नक्की करतो. सावरकरांची नोंद कशी लिहावी? 'कॉलेजमधून काढलं' असं सगळीकडे आहे.

जुने_कागद:
वसतिगृहातून काढलं. ऑक्टोबर १९०५ मधल्या विदेशी कपड्यांच्या होळीनंतर १० रुपये दंड आणि वसतिगृहात राहायला बंदी. बी.ए. च्या परीक्षेला ते बसले. त्या वेळी प्राचार्य परांजपे होते.

१९४९ पर्यंत कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होतं, मग पुणे विद्यापीठाशी. म्हणून जुन्या नेमणुका आणि निकाल मुंबई विद्यापीठाच्या वार्षिक कॅलेंडरांत (दरवर्षीच्या माहितीपुस्तकांत) शोधा, आणि त्यांचा ताळा सोसायटीच्या वार्षिक अहवालांशी लावा. दोन्हीकडे एकच वर्ष आलं तरच फलकावर घ्या. धर्मानंद कोसंबी पाली शिकवायला १९१२ मध्ये आले. पुढे गणित शिकवणारे दामोदर कोसंबी हे त्यांचे चिरंजीव. दोघांची सरमिसळ सर्रास होते.

अक्षरजुळणी:
छपाईचं सांगतो. एका फलकावर १०० ते १२० शब्द पुरे, त्याहून जास्त उभ्याने कोणी वाचत नाही. मुख्य मजकूर जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येऊ द्या. फोटो छापील आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवा: १२ इंच रुंदीला ३,६०० पिक्सेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबलेला असतो, मूळ स्कॅन मागा.

छापखान्यात मजकूर युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये बदलला जातो, तेव्हा रफार आणि जोडाक्षरं फुटतात. 'फर्ग्युसन', 'वर्ड्‌स्वर्थ', 'रँग्लर', 'उद्‌घाटन' हे चार शब्द प्रत्येक फलकावर मुद्दाम तपासा. प्रूफ पीडीएफवर बघून मंजूर करू नका. एका फलकाचा मूळ आकारातला तुकडा कागदावर छापून घ्या, मगच आठही फलक सोडा.