नदी सजीव की जिवंत?

प्रश्न : चिपळुणात आम्ही वाशिष्ठी नदीच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन लावतोय. जगभरातल्या अशा कामांची ओळख करून देणाऱ्या पाट्याही आहेत. २०२२ च्या सिडनी बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, नद्यांना बोलतं केलं होतं. नदीच्या वतीने तिची राखण करणारी माणसं पडद्यावर बोलत. त्या पाटीवर मी 'नदी : एक सजीव अस्तित्व' लिहिलं आणि तेव्हापासून ते खुपतंय. काय लिहू?

उत्तर : ताई, 'सजीव' काढाच. तो शाळेच्या सजीव-निर्जीव तक्त्यातला शब्द, आणि त्या तक्त्यात नदी निर्जीवांच्या रांगेत बसते. 'जिवंत' मात्र आपण पाण्याला पूर्वीपासून लावतो. विहीर खणताना 'जिवंत झरा लागला' म्हणतो, तेव्हा कोणी उपमा देत नसतं. मे महिन्यातही न आटणारं पाणी, हाच त्याचा अर्थ. राजापूरला तर अधूनमधून प्रकटणाऱ्या झऱ्यांना 'गंगा आली', 'गंगा गेली' म्हणतात, माहेरवाशिणीबद्दल बोलावं तसं.

'व्यक्ती' हा शब्द कायद्यापुरता ठेवा. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने ते स्थान दिलं, तिथे तो शोभतो.

मला स्वतःला 'पात्र' फार आवडतो. नदी वाहते ते पात्र, नाटकात बोलतं तेही पात्र. सिडनीच्या पाटीवर मी तोच लिहिला असता.

प्रश्न : आणि कॅरोलिना कायसेडो या कलाकाराची टांगलेली जाळी? धरणांनी गांजलेल्या नदीकाठांवरून तिने ती गोळा केली आहेत.

उत्तर : 'जाळी' नको, 'पाग' लिहा. स्पॅनिशमध्ये 'आतार्राया' म्हणजे फेकायचं जाळं. त्यावरूनच तिने त्या कामांना 'कॉस्मोतार्राया' नाव दिलं. आपल्या खाडीत गुडघाभर पाण्यात उभा राहून पागणारा एक कड दातांत धरतो, अंगाला पीळ देऊन पाग फेकतो आणि शिशाची वजनं पाण्यावर गोल पडतात. हे पाहिलेल्या माणसाला टांगलेला पाग लगेच कळेल.

प्रश्न : शेवटचं. कोयना प्रकल्पाच्या पोफळीतल्या वीजघरातून वाशिष्ठीत येणाऱ्या पाण्याला सगळीकडे 'अवजल' लिहितात. चित्राखाली तेच लिहू?

उत्तर : हिशेबाच्या कागदावर ते ठीक आहे. पण 'अव' लागला की अवगुण, अवकळा आठवतात. जणू वीज काढून उरलेला चोथा. उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती दिसते ती त्याच पाण्यामुळे. सरळ 'कोयनेचं पाणी' लिहा.