‘फ्री’चं मराठी: मुक्त, मोफत, स्वतंत्र?

कानामात्रा: संगणकाच्या मराठीकरणात ‘फ्री’ दिसलं की ‘मोफत’ लिहायची सवय पडली आहे, ती सोडायला हवी. किंमत नसणं आणि बंधन नसणं, दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द. अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येईल अशी संगणकप्रणाली उभारण्याचा प्रकल्प, जाहीर केला, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, आणि इथला ‘फ्री’ पैशांचा नव्हे, स्वातंत्र्याचा हे त्यांना तेव्हापासून सांगत राहावं लागलं. मराठीत हे अर्थ आधीच वेगळे आहेत. ते आपणच एकत्र का कालवायचे?

अशा ‘फ्री’ सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याला मुभा चार आहेत: कशासाठीही चालवणं, आतली रचना तपासून बदलणं, प्रती वाटणं, बदललेल्या प्रती वाटणं. यांत किमतीचा उल्लेखच नाही. जीपीएल या ग्नूच्या परवान्याचा प्रोग्रॅम हजार रुपयांना विकला तरी चालतो. घेणाऱ्याला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, मिळाला पाहिजे आणि त्यानं तो पुढे वाटला तर अडवायचं नाही. अ‍ॅडोबीच्या पीडीएफ वाचायच्या रीडरला पैसे पडत नाहीत, पण त्याच्या आत हात घालता येत नाही. पहिला मुक्त, दुसरा मोफत.

उभीरेघ: मुद्दा पटला, शब्द नाही. ‘मुक्त’ आधीच दुसऱ्या कामाला लागलाय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. तिथला ‘मुक्त’ म्हणजे ‘ओपन’. १९९८मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा आली, तिलाही आपण ‘मुक्तस्रोत’ म्हणू लागलो. स्टॉलमन ‘फ्री’ आणि ‘ओपन’ या ज्या दोन शब्दांतल्या फरकासाठी इतकी वर्षं भांडतात, ते मराठीत एकच होऊन बसले. शिवाय शब्दाच्या शेवटी आला की ‘मुक्त’चा अर्थच फिरतो: करमुक्त, कर्जमुक्त, म्हणजे ती गोष्ट नसलेला. ‘स्वतंत्र सॉफ्टवेअर’ म्हणा. मल्याळममध्ये हाच शब्द रुळला आहे.

कानामात्रा: मल्याळममध्ये चालतो म्हणून मराठीत चालेलच असं नाही. ‘स्वतंत्र खोली’, ‘प्रत्येकासाठी स्वतंत्र अर्ज’: इथे ‘स्वतंत्र’ म्हणजे वेगळा. ‘स्वतंत्र सॉफ्टवेअर’ वाचून दहांतले आठ जण समजतील की दुसऱ्या प्रोग्रॅमवर न विसंबता चालणारं. तमिळमध्ये ‘कट्टट्र’ म्हणतात, म्हणजे बंधन नसलेलं. ‘मुक्त’ त्याच्या जवळचा. ‘ओपन’ला ‘खुला’ द्या, गोंधळ मिटतो. विद्यापीठाचं नाव बदलायची गरज नाही.

पूर्णविराम: दोघेही परवान्यांत अडकलात. खरं नुकसान स्क्रीनवर होतं. अनुवादाच्या फाइलमध्ये नुसतं ‘फ्री’ एवढंच वाक्य येतं आणि तेच तीन ठिकाणी वापरलेलं असतं: डिस्कवरच्या जागेपुढे, अ‍ॅपच्या किमतीच्या जागी, कॅलेंडरमध्ये. एकदा ‘मोफत’ भरलं की डिस्कवर ‘१२ जीबी मोफत’ आणि कॅलेंडरमध्ये ‘मंगळवारी मोफत’ उमटतं. हवं असतं ‘१२ जीबी शिल्लक’ आणि ‘मंगळवारी मोकळा वेळ’.

उपाय अनुवादकाच्या हातात अर्धाच. पीओ फाइलमध्ये, म्हणजे मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद असलेल्या फाइलमध्ये, आधी ओळीवरची टिप्पणी आणि कोडमधली जागा बघा. तीन वापरांना एकच नोंद असेल तर शब्द शोधत बसू नका. प्रोग्रॅमरकडून प्रत्येक वापराला वेगळा ‘एमएसजीसीटीएक्सटी’, म्हणजे संदर्भाची खूण, मागून घ्या. तोवर ती ओळ ‘फझी’, म्हणजे अजून पक्की नसलेली अशी खूण करून, ठेवा. सहसा फझी ओळ तयार फाइलमध्ये जात नाही, स्क्रीनवर इंग्रजीच दिसतं. चुकीच्या मराठीपेक्षा ते परवडलं.

अनुस्वार: ‘मोफत’ला इतकं हाकलू नका. डाउनलोडच्या बटणावर ‘मुक्त’ लिहिलंत तर पैसे पडणार की नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या मराठी नावातही ‘मोफत व सक्तीच्या’ असंच आहे, कारण तिथे प्रश्न पैशांचाच आहे. मात्र ‘मोफत’च्या जागी बाकीचे शब्द कसेही घालता येत नाहीत. ‘निःशुल्क’ तिथेच, जिथे एरवी शुल्क असतं: प्रवेश, नोंदणी, वाहनतळ. साबणावर साबण ‘निःशुल्क’ मिळत नाही. ‘फुकट’ टाळाच, ‘मेहनत फुकट गेली’मधला वाया जाण्याचा अर्थ त्याला कायमचा चिकटला आहे. ‘विनामूल्य’ बरोबर आहे, पण बटणात मावत नाही.

कानामात्रा: बटणावर ‘मोफत’, मान्य. परवान्याच्या ओळीत मात्र नाही, आणि फॉन्टच्या बाबतीत तर मुळीच नाही. लोहित देवनागरी हा फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली आहे: विक्रीच्या पुस्तकात वापरा, बदला, प्रोग्रॅमसोबत विका, नुसता फॉन्ट तेवढा विकता येत नाही. बदललेली आवृत्ती वाटायची तर त्याच परवान्याखाली, आणि मूळ नाव राखीव ठेवलं असेल तर नवं नाव देऊन. जालावर शेकडो फॉन्ट ‘फ्री’ म्हणून पडलेत, पण खाली बारीक अक्षरांत ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असतं. दोन्हींना ‘मोफत फॉन्ट’ म्हटलं की छापखान्यात ते एकाच फोल्डरमध्ये जातात आणि दुसऱ्या जातीचा फॉन्ट पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चढतो. परवाना मोडला जातो.

उभीरेघ: फॉन्टपुरतं ‘मुक्त’ मान्य. पण मग ‘मुक्तस्रोत’चं ‘खुला स्रोत’ करायला हवं, आणि ते जुन्या सगळ्या अनुवादांत एकदम. नव्या फाइलीत ‘खुला’ आणि जुन्यांत ‘मुक्त’ राहिला, तर आत्तापेक्षा जास्त घोळ होईल.